विचारलं तेवढंच

त्यांना कुणी “काका, चहा घेणार का?” असं विचारलं की ते म्हणायचे, “घेऊ शकतो.”

“अहो, घेऊ शकता ते मलाही ठाऊक आहे. हवाय का?” त्यांची सून हातात गाळणं घेऊन उभी.

यावर ते चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. आता हे हो की नाही? देवालाच ठाऊक. ती बिचारी कप ठेवून जायची. बहुतेक वेळा ते चहा प्यायचे, कधी तसाच गार होऊन जायचा. तक्रार म्हणून कधी नाही. पोळी वाढू का विचारलं तर “वाढू शकतेस”, खिडकी लावू का विचारलं तर “लावता येईल”. सून माझी मैत्रीण, शेजारच्याच रस्त्यावर राहणारी. ती मला फोन करून म्हणायची, “यार, या माणसाने लग्नाच्या वेळी सासूबाईंना काय सांगितलं असेल गं? करू शकतो?”

तर असे हे काका. दिल्लीत सरकारी कायदेसल्ल्याच्या कामावर त्यांची उभी हयात गेली. देशाची घटना नुकतीच अमलात आली होती आणि हेही नुकतेच वकिलीची परीक्षा देऊन चिकटले होते, तेव्हापासून. केंद्राला काय करता येतं, राज्यांना काय करता येतं, यावर सरकारला मत लिहून द्यायचं, हा त्यांचा धंदा. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. इकडे म्हणजे ट्रॉयला, डेट्रॉइटच्या उपनगरात, जिथे आमचे सगळ्यांचे नवरे मोटारींच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते आणि सहा महिने बाहेर बर्फ असायचं.

बर्फातही काका फिरायला जायचे. बंद गळ्याचा कोट, मुलाने घेऊन दिलेले पांढरे स्नीकर्स, कानाला मफलर आणि डोक्यावर उघडलेली छत्री. बर्फात छत्री उघडणारा माणूस त्या गावाने आधी पाहिला नव्हता. आणि ती वर्षं कशी होती ते सांगायला नको. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडून फार दिवस झाले नव्हते. विमानतळावर आमच्या ह्यांना दर खेपेला बाजूला घेत. सगळे सगळ्यांकडे जरा जास्तच निरखून बघत होते. पण मी सांगते, त्या अख्ख्या गावात काकांइतकं संशयी कुणी नव्हतं.

त्यांचा संशय माणसांवर नसायचा, प्रश्नांवर असायचा. तुम्ही काहीही विचारा, आधी ते तुम्हाला विचारणार, “हा प्रश्न कोणाचा?” नातवाने आइसक्रीम हवं का विचारलं तरी, “तुझा की तुझ्या आईचा?” सुरुवातीला मला वाटायचं, वय झालंय. मग लक्षात आलं की छे, यांना खरोखरच असं वाटतं की प्रत्येक प्रश्न कुणीतरी दुसऱ्याच्या हाती पाठवलेला असतो, आणि त्याला हवं ते उत्तर आधीच त्याच्या पोटात दडवलेलं असतं. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तर ते उत्तरच देत नसत. “लेखी द्या,” म्हणायचे. आणि लेखी दिला की विचारलं तेवढंच उत्तर. त्याच्या पुढे एक अक्षर नाही.

एकदा मी वाण्याकडून परत येत होते, तर आमच्याच वसाहतीत पोलिसांची गाडी दिवे चमकवत उभी. आणि गाडीसमोर छत्री. मी गाडी तिथेच थांबवली. झालं होतं असं, की कोपऱ्यावर एक पाटी होती, शेजाऱ्यांनी लावलेली, या भागात संशयास्पद माणसांवर आमची नजर आहे वगैरे. काका ती पाटी वाचत उभे राहिले. एकदा वाचली, दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. ही पाटी लावायचा अधिकार यांना कुठून आला असेल याचा विचार करत होते, असं नंतर मला म्हणाले. तेवढ्यात समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना फोन केला.

तो पोलीस, तरुण पोरगा, त्यांना नाव विचारत होता. काका स्वच्छ सरकारी इंग्रजीत त्याला विचारत होते की आपण हे कोणत्या अधिकाराखाली विचारता? बापा रे! आमच्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अर्ध्यावर अडकलेले. मी गाडीतून उडी मारून मध्ये पडले, “ऑफिसर, हे माझ्या मैत्रिणीचे सासरे, प्लीज.” पण पोलीस चिडला नाही हो. तो म्हणाला, “तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, सर. कुणीतरी फोन केला म्हणून मी आलो. तुम्ही जाऊ शकता.”

मी त्यांना गाडीत कोंबलं. मला घाम फुटलेला आणि हे खूश!

“बघितलंत? प्रश्न त्याचा नव्हताच. मला संशय होताच. आणि सज्जन आहे, कोणाचा ते सांगून टाकलं.”

“काका, त्याने तुम्हाला धरून नेलं असतं म्हणजे?”

“तो ‘जाऊ शकता’ म्हणाला. ‘जा’ म्हणाला नाही.” आणि ते घर येईपर्यंत त्यावर विचार करत बसले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नागपुरात मी शाळेत शिकवत होते. इकडे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. आमच्यासारख्यांना नोकरी करायची मुभा नव्हती, कागदावर आमचं नावच ‘डिपेंडंट’. पहिलं वर्ष मी भिंतींशी बोलून काढलं. मग एका चर्चच्या फादरला जाऊन विचारलं, तुमचं तळघर रविवारी दुपारी रिकामं असतं, मला द्याल? आणि तिथे मराठी शाळा सुरू केली. आधी मैत्रिणींचीच मुलं, मग त्यांच्या ओळखीच्यांची. मुलं “बाई” म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत. “बाई, ही टुक माय पेन्सिल.” पण म्हणायची ‘बाई’. या देशात माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं. घर बँकेचं, गाडी ह्यांच्या नावावर, व्हिसा ह्यांच्या कंपनीचा. शाळा माझी.

एका रविवारी काका तिथे येऊन बसले. दाराजवळच्या लहान मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकवून, छत्री उभी धरून. मी फळ्यावर बाराखडी लिहीत होते. मध्येच आवाज आला, “बाई, हा वर्ग कोणत्या अधिकाराखाली भरतो?”

माझा स्वभाव आधीच तिखट. “माझ्या,” म्हटलं.

“तुम्हाला कोणी दिला?”

“कुणी नाही.”

“हं,” म्हणाले. आणि त्यानंतर दर रविवारी यायला लागले. बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. मुलांनी त्यांचं नाव ‘ऑथॉरिटी आजोबा’ ठेवलं. एक चिमुरडी मला कानात म्हणाली, “बाई, ही इज अ स्पाय, ना?” मी तिला दटावलं, पण माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच. कारण तेव्हाच आमच्याकडे महासंघाचं सुरू झालं होतं.

आजूबाजूच्या गावांत मिळून चार मराठी मंडळं होती. आमचं सगळ्यात लहान, सगळ्यात मोठं शहराच्या पलीकडच्या अंगाला. त्या मोठ्या मंडळात एक डॉक्टर होते, हृदयाचे, फार आधी इकडे आलेले, तळ्याकाठी घर असलेले. माणूस वाईट नव्हता. कुणाचे आईवडील आजारी पडले की हा माणूस फोनवर हजर. पण त्यांना सगळं मोठं आणि एकत्र लागायचं. चार मंडळांचा एक महासंघ करायचा, म्हणाले. करा बापा. आम्हाला काय, एका गणपतीऐवजी मोठा गणपती.

महासंघाला घटना हवी. ती लिहायला तिघांची समिती बसली, तिघेही सॉफ्टवेअरवाले. आमच्या लोकांची एक खोड आहे, शून्यातून काही लिहायचं नाही. आधी कुणी लिहिलेलं असेल ते घ्यायचं आणि त्यात बदल करायचे. तिघांनी इंटरनेटवरून भारताची राज्यघटनाच उतरवून घेतली. जिथे केंद्र तिथे महासंघ, जिथे राज्य तिथे मंडळ, जिथे राष्ट्रपती तिथे अध्यक्ष, असं कॉम्प्युटरला सांगितलं आणि एका लाँग वीकेंडला घटना तयार! बटाटेवडे खाता खाता सगळ्यांनी हात वर करून पास केली. वाचली कुणीच नाही.

वाचली ती काकांनी. आमच्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात बसून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

“बाई, तुमच्या महासंघाला नौदल ठेवता येतं.”

“काय?”

“विमानदल पण. आणि टपालखातं. आणि दीपगृहं तर सगळी महासंघाची.”

दीपगृहं तेवढी मिशिगनमध्ये खरंच आहेत, मोठ्या तळ्यांच्या काठाने कितीतरी. आम्ही पोट धरून हसलो. मग काकांनी पान उलटलं आणि त्यांचं हसणं थांबलं. “आणि हे पण राहिलंय,” म्हणाले. काय राहिलंय, ते मी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलंही नाही.

जे राहिलं होतं ते आम्हाला पुढच्या हिवाळ्यात कळलं. जानेवारीत आमच्या मंडळाची निवडणूक व्हायची होती. त्या दिवशी असा पडताच गोठणारा पाऊस आला की रस्ते काचेसारखे झाले, कुणी घराबाहेर पडलं नाही. पुन्हा बोलवायला हवी होती सभा. पण खजिनदार कुणालाच व्हायचं नव्हतं, प्रत्येकाला निमित्तच हवं होतं. निवडणूक राहून गेली. आणि महिन्याभरात डॉक्टरांची ईमेल आली. एखाद्या मंडळाचा कारभार घटनेप्रमाणे चालत नसेल, तर महासंघ ते मंडळ ताब्यात घेऊ शकतो, असं आपल्या घटनेत कलम आहे. तुमचा कारभार चालत नाहीये. तेव्हा महासंघ तुमचं मंडळ चालवेल, आणि पहिलं काम म्हणजे चारी मंडळांच्या मुलांची एकच सेंट्रल शाळा, एकच अभ्यासक्रम, आमच्या मोठ्या हॉलमध्ये.

म्हणजे राष्ट्रपती राजवट! पन्नास-साठ घरांच्या मंडळावर! आमचे हे तर खुर्चीवरून पडायचे राहिले हसून. मला हसू येत नव्हतं. तो हॉल फ्रीवेने पाऊण तासावर. माझ्या शाळेतल्या निम्म्या आया माझ्यासारख्या, गावात जेमतेम गाडी चालवणाऱ्या, फ्रीवेचं नाव काढलं की किल्ली नवऱ्याच्या हाती देणाऱ्या. नवरे रविवारी झोपणार नाहीतर ऑफिसचं काम करणार. मुलं तिकडे जाणारच नव्हती. आणि तिथे शिकवायला डॉक्टरांनी कुणीतरी पीएच.डी. झालेल्या बाई आधीच बघून ठेवल्या होत्या. तळघराचं भाडं आमचं मंडळ द्यायचं, ते थांबलं की माझी शाळा संपणार होती, एवढं सरळ होतं.

मार्चमध्ये चारी मंडळांच्या प्रतिनिधींची सभा ठरली. आणि डॉक्टरांनी, सगळं कसं रीतसर व्हावं म्हणून, काकांकडे मत मागितलं. लेखी.

तिथून माझं डोकं फिरलं. कारण दर गुरुवारी डॉक्टरांची लांबलचक गाडी काकांना न्यायला यायची. ब्लडप्रेशर बघायला, म्हणे. परत येताना काकांच्या हातात मिठाईचा डबा. मी आमच्या मागच्या खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय. रविवारी हा माणूस माझ्या वर्गात येऊन बसतो आणि गुरुवारी तिकडे जाऊन सगळं सांगतो. डॉक्टरांनी यांना खिशात टाकलंय. मैत्रिणीला म्हटलं तर ती म्हणाली, “मला काय विचारतेस? माझ्याच घरात मला कळत नाही त्यांना चहा हवा की नको.”

मग मीही ठरवलं, बघूच. पाटवड्या केल्या. नागपूरची पाटवडी आणि झणझणीत रस्सा, ज्याच्या वासाने ट्रॉयमधल्या घरांचे धुराचे अलार्म वाजतात. डबा घेऊन दुपारी त्यांच्याकडे गेले. काका एकटेच स्वयंपाकघरात बसले होते. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं.

“हे कोणत्या प्रश्नाबद्दल?”

मी खरंच लाजले. पण आता आलेच होते, तर विचारून टाकलं, “काका, त्यांना माझी शाळा बंद करता येईल का?”

“प्रश्न लेखी द्या.”

“माझ्याशी पण?”

“तुमच्याशी विशेषतः. तुमचा स्वार्थ आहे.”

“आणि डॉक्टरांचा नाही?”

“त्यांचा पण आहे. त्यांनी लेखी दिलाय.” ते डब्याचं झाकण बोटाने गोल गोल फिरवत होते. “बाई, मला आयुष्यभर लोकांनी एकच प्रश्न विचारला. निरनिराळ्या कागदांवर, निरनिराळ्या सह्यांनी. करता येईल का? बस. देश नवीन होता, घटना हातात आली होती, ती वापरायची कशी हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. रोज एक फाइल. करता येईल का?”

मला वाटलं, झाली बढाई सुरू. मी उठायच्या बेतात होते.

“एकदा एका राज्याचं सरकार काढायचं होतं,” ते म्हणाले. “राज्य कुठलं ते सोडा. वरून विचारणा आली, अशा परिस्थितीत केंद्राला हा अधिकार आहे का? चार वाजेपर्यंत उत्तर हवं होतं. मी सगळं वाचलं, दोनदा तपासलं. अधिकार होता. मी लिहिलं, आहे.”

“मग?”

“मग काय. ते सरकार गेलं.”

“पण ते बरोबर होतं का?”

“कायद्याने बरोबर होतं. माझ्यापेक्षा मोठ्या लोकांनी नंतर ते तपासलं. एक शब्द बदलावा लागला नाही.” झाकण थांबलं. “माझ्या शेजारच्या टेबलावर त्याच राज्यातला एक जण बसायचा. आम्ही डबा एकत्र खायचो. त्या दिवसानंतर तो माझ्याबरोबर जेवायला बसला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.”

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, “म्हातारा तिकडचाच आहे. मला सांगून ठेवतोय की मी असंच लिहिणार.” हे म्हणाले, “मग पाटवड्या परत का नाही आणल्यास?”

सभा एका लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये, शनिवारी दुपारी. बाहेर अर्धवट वितळलेलं बर्फ आणि मीठ यांचा काळा चिखल. आत पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक ट्रे आणलेला, आणि कोपऱ्यात मायक्रोवेव्हपाशी रांग. आमच्या बाजूने मी, माझी मैत्रीण आणि शाळेतल्या सगळ्या आया मागच्या भिंतीला लागून उभ्या. डॉक्टर समोर, टाय वगैरे लावून. काका पहिल्या रांगेत, कोट, मफलर, छत्री.

डॉक्टर छान बोलले. खोटं कशाला सांगू? एकजूट, पुढची पिढी, एक दर्जेदार शाळा. मग म्हणाले, “हे आपण कुणाच्या मनाने करत नाही आहोत. घटनेप्रमाणे करतोय. काकांनी आपल्या देशाला त्याच्या पहिल्या दिवसांत असाच सल्ला दिलाय. काका, प्लीज.”

काका उठले. खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. एखाद्या मंडळाचा कारभार घटनेनुसार चालत नसल्यास तो ताब्यात घेण्याचा अधिकार महासंघास आहे काय?

कागदाची घडी घातली. “आहे,” म्हणाले. आणि खाली बसले.

बस्स. एवढंच. मागून कुणीतरी “शी!” म्हणालं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हा माणूस इतके महिने माझ्या वर्गात बसला, माझ्या पोरांच्या कविता ऐकल्या, माझ्या पाटवड्या खाल्ल्या, आणि दोन अक्षरांत माझी शाळा बुडवली. डॉक्टर म्हणत होते, “थँक यू, काका. सो, आपण व्होट घेऊ या.” मला रडू येत होतं आणि मी रडत नव्हते, म्हणून नुसतीच काकांकडे बघत राहिले. ते हातातला कागद बोटाने फिरवत होते. गोल गोल.

आणि मला ते झाकण आठवलं. मला आयुष्यभर लोकांनी एकच प्रश्न विचारला. करता येईल का? बस.

“थांबा,” मी ओरडले. खरंच ओरडले, लायब्ररीत. “काका, माझा एक प्रश्न आहे.”

डॉक्टर म्हणाले, “अहो, ओपिनियन आलंय आता.”

काका मागे वळले नाहीत. “लेखी द्या,” म्हणाले.

माझ्याकडे कागद नव्हता. समोर भिंतीवर पांढरा फळा होता. मी खुर्च्यांतून वाट काढत पुढे गेले, मार्कर घेतला आणि शाळेत लिहिते तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं.

हा अधिकार वापरावा का?

काकांनी चष्मा काढला. मफलरच्या टोकाने पुसला. घातला. वाचलं. पुन्हा वाचलं. त्या पाटीसमोर उभे राहिले होते तसे उभे राहून वाचलं. मायक्रोवेव्ह कुणाचं तरी जेवण गरम करून पिप् पिप् करत होता आणि तो बंद करायलाही कुणी गेलं नाही.

“हा प्रश्न कोणाचा?”

“माझा.”

“मागे कोण आहे?”

“कुणी नाही, काका. मीच आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्यावरून नाही, सरळ. मला एकदम भीती वाटली, की हे आता ‘वापरता येईल’ म्हणणार, आणि त्याहून जास्त भीती वाटली की काहीच म्हणणार नाहीत. मग ते म्हणाले,

“नको.”

माझ्या मैत्रिणीच्या हातातला वाढायचा डाव खाली पडला. तिने आपल्या सासऱ्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकलाच नव्हता, ना चहाला, ना पोळीला.

मोठ्या मंडळातला एक जण म्हणाला, “पण काका, का नको?”

“ते बाईंनी विचारलेलं नाही,” काका म्हणाले आणि बसले. काही लोक हसले. मग सगळेच हसले, जरा सुटल्यासारखे.

व्होट झालं. तीन मंडळांनी विरोधात हात वर केले. डॉक्टरांच्या स्वतःच्या मंडळातलेही दोघं हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ठराव पडला. आया माझ्या गळ्यात पडत होत्या, कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडलं, लोक ताटल्या घेऊन उठले. शाळा तळघरात राहिली, आणि खजिनदार व्हायचं मलाच कबूल करावं लागलं.

त्या गडबडीतही माझा संशय गेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही गेलेला नाही. त्या दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी मला ते राज्याचं सगळं सांगितलं, ते सहज की मुद्दाम? त्यांना हा प्रश्न माझ्याकडून काढून घ्यायचा होता का? मी पुढे होऊन त्यांना हेच विचारणार होते. पण डॉक्टर आधी पोचले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. गुरुवारांचं वाईट वाटलं असेल.

“काका,” ते म्हणाले, “रागावू नका, पण हे लीगल ओपिनियन नव्हतं. हे तुमचं स्वतःचं मत झालं.”

काका मफलर गुंडाळत होते. एक वेढा घेतला, दुसरा घेतला, टोक कोटात खोचलं.

“हो,” म्हणाले. “पहिलंच.”